हवामान बदलासाठी परदेशातून येणारा पैसा राज्याला मिळतो कसा, आणि गावापर्यंत पोहोचतो कसा?

थेरगाव : मावळ-मुळशीतून कंपनीच्या पाळीला, दवाखान्याला किंवा बाजाराला पिंपरी-चिंचवडमध्ये येणाऱ्यांना काळेवाडी फाटा नवा नाही. या फाट्यापासून देहू-आळंदी रस्त्याकडे बीआरटीचा जो मार्ग जातो आणि नाशिक फाट्याहून वाकडला जो येतो, त्या दोन्हींना परदेशी पैसा लागलेला आहे. लोक स्वतःची गाडी सोडून बसने गेले तर इंधन कमी जळेल, धूर कमी होईल, या हिशेबाने जागतिक बँकेने भारतातल्या काही निवडक शहरांना २००९ साली मदत मंजूर केली. त्यात पिंपरी-चिंचवड होतं. त्या मदतीत सुमारे साडेदहा कोटी डॉलर जागतिक बँकेचं कर्ज होतं आणि सुमारे दोन कोटी डॉलर जागतिक पर्यावरण निधीचं अनुदान. हा आकडा सगळ्या शहरांचा मिळून आहे.

रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या कितीतरी जणांना हे माहीत नाही. गावाकडेही तेच. 'जागतिक बँकेचं शेततळं', 'जर्मनीचं पाणलोट' असे शब्द पारावर ऐकू येतात, पण हा पैसा कोण मागतं, कोणाच्या सहीने येतो आणि शेवटी फेडतो कोण, हे कोणी सांगत नाही. पुणे जिल्ह्यातल्या गावांना तर आणखी एक प्रश्न पडतो. जालन्याच्या शेतकऱ्याला जे मिळालं ते आपल्याला का नाही?

आधी एक गोष्ट पक्की : बहुतेक पैसा कर्जाचा

बातमीत 'जागतिक बँकेकडून इतके कोटींचा निधी' असं छापून येतं. निधी म्हटलं की फुकटचा वाटतो. तसं नाही. जागतिक बँक, आशियाई विकास बँक, जपानची जायका, जर्मनीची केएफडब्ल्यू या संस्थांकडून राज्याला मिळतं ते मुख्यतः कर्ज. व्याज बाजारापेक्षा कमी असतं, फेडायला वीस-तीस, कधी चाळीस वर्षं मिळतात, सुरुवातीची काही वर्षं मुद्दल मागत नाहीत. पण कर्ज ते कर्जच.

खरं अनुदान थोडं असतं आणि ते मिळवायला जास्त झटावं लागतं. महाराष्ट्राने ते मिळवलेलं आहे. १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आला, त्याचा जर्मन पैसा नाबार्डमार्फत आणि वॉटर या संस्थेच्या मदतीने गावांपर्यंत पोहोचला. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांनी श्रमदान केलं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, मग डोंगरावर गवत आणि विहिरीला पाणी दिसलं. वॉटर संस्थेच्या स्थापनेमागे फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे धर्मगुरू होते, अनेक दशकं त्यांनी नगर जिल्ह्याच्या खेड्यांत काम केलं. त्या काळी 'हवामान बदल' हा शब्द गावात कोणी वापरत नव्हतं. काम मात्र तेच होतं.

राज्य सरकार थेट परदेशात हात पसरू शकत नाही

राज्यघटनेच्या कलम २९३ प्रमाणे राज्य सरकारला भारताच्या हद्दीतच कर्ज काढता येतं. परदेशातून कर्ज घेण्याचा अधिकार केंद्राचा. त्यामुळे मुंबईतून फाईल निघाली तरी तिला दिल्लीला जावंच लागतं.

साधारण वाट अशी आहे. राज्याचं खातं, समजा कृषी विभाग, आधी प्राथमिक प्रकल्प अहवाल तयार करतं. राज्याचं वित्त आणि नियोजन खातं तो तपासतं. मग तो केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे जातो. तिथल्या छाननी समितीत संबंधित केंद्रीय मंत्रालयाचंही मत घेतात. तिथून पसंती मिळाली की केंद्र सरकार तो प्रस्ताव जागतिक बँकेपुढे किंवा जायकापुढे ठेवतं. मग बँकेची माणसं येतात, गावं बघतात, हिशेब बघतात, जमीन कोणाची जाणार, आदिवासींवर काय परिणाम होणार, नदी-जंगलाचं काय, हे विचारतात. त्यानंतर वाटाघाटी, बँकेच्या संचालक मंडळाची मंजुरी आणि शेवटी सह्या. या सगळ्याला दोन-तीन वर्षं सहज जातात.

सह्या दोन कागदांवर होतात. कर्जाचा करार केंद्र सरकार आणि बँक यांच्यात. प्रकल्प कसा राबवायचा याचा करार राज्य सरकार आणि बँक यांच्यात. म्हणजे बँकेच्या दारात जामीन दिल्ली, आणि राबणार महाराष्ट्र.

फेडण्याचं काय? २००५ पासून नियम असा आहे की केंद्राला ज्या अटींवर कर्ज मिळालं त्याच अटींवर ते राज्याकडे जातं. व्याज तेच, मुदत तीच आणि डॉलरचा भाव वाढला तर तो तोटाही राज्याचाच. ईशान्येकडच्या आणि डोंगरी राज्यांना यातली ९० टक्के रक्कम केंद्राकडून अनुदान म्हणून मिळते. महाराष्ट्राला ती सवलत नाही.

डॉलरची बाब जरा नीट समजून घ्यायला हवी. २०१८ च्या सुरुवातीला एक डॉलर साधारण ६५ रुपयांना होता. २०२४ च्या मध्यात तो ८३ च्या पुढे गेला. म्हणजे तेव्हा घेतलेला एक डॉलर परत करायला १८ रुपये जास्त लागतात. व्याज कमी दिसतं, पण रुपया घसरला की ते कमीपण बरंचसं खाऊन टाकतो. सोसायटीचं कर्ज घेणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायला नको, फक्त त्याचं कर्ज निदान रुपयात असतं.

या नियमाला एक पळवाट नंतर निघाली. २०१७ मध्ये केंद्राने काही मोठ्या, सक्षम राज्य संस्थांना सरकारी हमीवर जायकासारख्या संस्थेकडून थेट कर्ज घेण्याची परवानगी दिली. एमएमआरडीएने शिवडी-न्हावा शेवा सागरी पुलासाठी तसं कर्ज घेतलं. ग्रामपंचायतीला किंवा नगरपंचायतीला अर्थातच यातलं काही लागू नाही.

पोकरा : महाराष्ट्राचं सर्वांत ठळक उदाहरण

२०१२ नंतर मराठवाड्याने एकामागून एक दुष्काळ पाहिले. त्यातून राज्याने हवामानाला टिकाव धरेल अशा शेतीचा प्रस्ताव बांधला. त्याचं सरकारी नाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, गावात सगळे त्याला 'पोकरा' म्हणतात. जागतिक बँकेच्या संचालक मंडळाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. एप्रिल २०१८ मध्ये करार झाला. फेडीची मुदत २४ वर्षं, त्यातली पहिली ६ वर्षं सवलतीची. एकूण प्रकल्प सुमारे ४,००० कोटी रुपयांचा, त्यात ७० टक्के बँकेचे आणि ३० टक्के राज्याचे.

गावं ५,१४२ आणि जिल्हे १५ : मराठवाड्याचे आठही, विदर्भातले अकोला, अमरावती, बुलडाणा, यवतमाळ, वाशिम, वर्धा, आणि जळगाव. यात पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातली गावंही आहेत, जिथे विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही.

गावं कोणाच्या शिफारशीने निवडली? निवडीचा पाया आमदाराचं पत्र नव्हता. हवामानाचा धोका कुठे जास्त, पाऊस किती बेभरवशाचा, कोरडवाहू जमीन किती, लोकांची ऐपत किती, असे निकष लावून पाणलोटाचे समूह पाडले आणि त्यातून गावं निघाली. मग प्रत्येक गावात पाण्याचा ताळेबंद मांडायचा, म्हणजे पाऊस किती पडतो, किती वाहून जातो, पिकं किती पितात. ही पद्धत आयआयटी मुंबईच्या मदतीने तयार झाली. त्यावरून गावाचा सूक्ष्म आराखडा करायचा आणि तो ग्रामसभेपुढे ठेवायचा. राबवायला गावात ग्राम कृषी संजीवनी समिती.

बँकेला हेच दाखवायचं असतं. नुसतं 'आमच्याकडे दुष्काळ आहे' म्हणून भागत नाही. कुठे, किती, का, आणि पैसा घातल्यावर काय बदलेल, हे आकड्यात मांडावं लागतं. ज्या राज्याकडे असा कागद तयार असतो त्याचा प्रस्ताव पुढे सरकतो, मग दुष्काळ शेजारच्या राज्यात जास्त का असेना.

शेतकऱ्याला ठिबक, तुषार, शेततळं, शेडनेट, फळबाग, रेशीम, विहीर पुनर्भरण अशा कामांना अनुदान मिळालं. अल्पभूधारकांना अनेक घटकांना ७५ टक्क्यांपर्यंत. पैसा थेट बँक खात्यात. मात्र आधी पूर्वसंमती घ्यायची, मग स्वतःच्या खिशातून वस्तू आणायची किंवा काम करायचं, मग अधिकारी जागेवर येऊन मोबाईलवर फोटो-नकाशा टाकणार, आणि त्यानंतर अनुदान. ज्याच्याकडे आधी घालायला पैसे नाहीत तो इथेच मागे राहतो. शेडनेट घालायला दोन-तीन लाख रोख कुठून आणायचे? सावकाराकडून आणले तर अनुदान यायच्या आत व्याज चढतं. योजना चांगली आहे, पण सर्वांत गरीब शेतकऱ्याच्या पायाला ठेच इथेच लागते.

गंमत अशी की राज्य सरकारची अवस्थाही त्याच शेतकऱ्यासारखी असते. परदेशी कर्ज मंजूर झालं म्हणजे तिजोरीत थैली येऊन पडत नाही. राज्याने आधी आपल्या अर्थसंकल्पातून खर्च करायचा, हिशेब केंद्राच्या मदत लेखा नियंत्रकाकडे पाठवायचा, मग बँक तेवढी रक्कम सोडते. खर्चच झाला नाही तर दावा कशाचा करणार? वर जागतिक बँक न उचललेल्या कर्जावरही पाव टक्का शुल्क लावते. म्हणून मार्चअखेर कृषी सहायकाच्या मागे वरून तगादा लागतो.

पहिला टप्पा २०२४ मध्ये संपला. दुसऱ्या टप्प्यात सुमारे ६,००० कोटी रुपये, २१ जिल्हे आणि सात हजारांच्या आसपास गावं आहेत. आधीच्या १५ मध्ये नाशिक, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली यांची भर पडली.

पुणे जिल्हा कुठे?

पोकराच्या दोन्ही टप्प्यांत पुणे जिल्हा नाही. सरासरी काढली की पुणे श्रीमंत दिसतो. चाकणचे कारखाने, हिंजवडीच्या कंपन्या, बागायती ऊस, सगळं एकत्र करून भागिले केलं तर पुरंदरच्या किंवा शिरूरच्या कोरडवाहू गावाचं दुःख त्यात बुडून जातं. निकष राज्यभर एकच लावल्यावर हे होणारच. तक्रार रास्त आहे, पण 'आम्हाला वगळलं' असं ओरडून उपयोग नाही, कारण यादी राजकारणापेक्षा आकड्यांवर बनते आणि तालुक्याचे वेगळे आकडे मांडायला कोणीतरी बसावं लागतं.

तरी जिल्हा अगदी कोरडा नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये जागतिक बँकेने २१ कोटी डॉलर मंजूर केले तो स्मार्ट प्रकल्प, म्हणजे बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प, संपूर्ण राज्यासाठी आहे. एकूण २,१०० कोटी, त्यातले १,४७० कोटी कर्ज. हा पैसा एकट्या शेतकऱ्याला मिळत नाही, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा महिला बचत गटांचे संघ यांना गोदाम, प्रतवारी, प्रक्रिया यासाठी मिळतो. जिल्ह्यात याचं काम आत्मा कार्यालयाकडे असतं. दुसरा मॅग्नेट प्रकल्प, सुमारे १,००० कोटींचा, त्यातले ७० टक्के आशियाई विकास बँकेचे. डाळिंब, केळी, भेंडी, मिरची, फुलं अशा ठरावीक पिकांसाठी आहे. मावळात पॉलिहाऊसमध्ये गुलाब-जरबेरा घेणाऱ्यांनी याची चौकशी कृषी पणन मंडळाकडे करावी.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. ज्यांची कंपनी नोंदलेली, लेखापरीक्षण झालेलं, सभासदांची यादी खरी, त्यांचाच अर्ज टिकतो. कंपनी काढायची आणि तीन वर्षं वार्षिक सभा घ्यायची नाही, असं असेल तर मग दुसऱ्याला दोष देता येत नाही.

कमी व्याज मिळालं, पण वेळ गेली

थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्यावर पवनेचं पाणी बघायला गेलेल्यांनी त्यावरचा फेसही पाहिला असेल. हे पाणी पुढे दापोडीला मुळेत मिळतं, मुळा पुण्यात मुठेला, आणि ते सगळं मांजरी, थेऊर करत दौंड तालुक्यात भीमेला आणि शेवटी उजनीत जातं. शहराने वापरून सोडलेलं पाणी हवेली-दौंड-इंदापूरच्या शेतात येतं.

यावर उपाय म्हणून पुणे महापालिकेच्या हद्दीतल्या मुळा-मुठेसाठी जायकाचं कर्ज आलं. करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. १,९०६ कोटी येन, म्हणजे तेव्हाचे सुमारे १,००० कोटी रुपये. व्याज वर्षाला फक्त ०.३० टक्के, फेड ४० वर्षांत, त्यातली पहिली १० वर्षं सवलतीची. इतकं स्वस्त कर्ज शोधून सापडत नाही. शिवाय केंद्राने प्रकल्पाचा ८५ टक्के भार अनुदान म्हणून उचलला, महापालिकेवर फक्त १५ टक्के. त्यात ११ नवीन मैलाशुद्धीकरण केंद्रं, रोज ३९ कोटी ६० लाख लिटर मैलापाणी शुद्ध करण्याची क्षमता.

काम जानेवारी २०२२ पर्यंत संपायचं होतं. प्रत्यक्षात निविदा चढ्या दराच्या आल्या, त्या रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या. पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली ६ मार्च २०२२ ला, म्हणजे काम संपायची तारीख उलटून गेल्यावर. जपानने पैसा दिला, दिल्लीने भार उचलला, आणि सहा वर्षं निविदेत गेली. या सहा वर्षांत दौंडच्या शेतकऱ्याने तेच पाणी मोटारीने उचललं. पैसा मिळवणं हे अर्धंच काम असतं ते असं.

आणखी एक. हे कर्ज पुणे महापालिकेच्या हद्दीपुरतं आहे. पवना पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतून येते, ती या प्रकल्पात नाही. नदीला हद्द कळत नाही, पण कर्जाच्या करारात हद्द लिहिलेली असते.

पिंपरी-चिंचवड महापालिकेने स्वतःसाठी दुसरा रस्ता धरला. जून २०२५ मध्ये तिने २०० कोटींचे हरित कर्जरोखे काढले. मुंबई शेअर बाजारात नोंद झाली, व्याज ७.८५ टक्के. पायी चालण्याचे आणि सायकलचे मार्ग, म्हणजे हरित सेतू, यासाठी हा पैसा आहे. हे परदेशी कर्ज नाही, देशातल्या गुंतवणूकदारांकडून घेतलं. ०.३० टक्क्याच्या पुढे ७.८५ टक्के खूप वाटतं, पण इथे दिल्लीची दोन-तीन वर्षांची वारी नाही आणि येन-डॉलरची भीतीही नाही. अर्थात हे रोखे मोठा कर गोळा करणाऱ्या महापालिकेलाच झेपतात. वडगाव किंवा देहूच्या नगरपंचायतीने काढले तर घेणार कोण?

कोकणाने अनुदान कसं मिळवलं

सिंधुदुर्गचं उदाहरण वेगळं आहे. २०११ नंतर तिथे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण निधी यांचा एक प्रकल्प झाला. मालवण-वेंगुर्ल्याकडे खेकडापालन, कांदळवन जपणं अशी छोटी कामं झाली. राज्याने वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. हे सगळं दाखवता आलं म्हणून पुढच्या वेळी बळ मिळालं. ऑक्टोबर २०१८ मध्ये हरित हवामान निधीने महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशा या तीन राज्यांच्या किनाऱ्यासाठी मिळून ४ कोटी ३४ लाख डॉलर मंजूर केले. हे कर्ज नाही, अनुदान आहे. या निधीकडे कुठलंही राज्य सरळ जाऊ शकत नाही, त्याने मान्यता दिलेल्या संस्थेमार्फतच जावं लागतं. भारतात नाबार्डलाही अशी मान्यता आहे.

गावाने काय बघावं

आपल्या तालुक्यात चालू असलेल्या कामात परदेशी कर्ज आहे का, हे तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीत विचारता येतं. अशा प्रत्येक प्रकल्पाला तक्रार निवारणाची व्यवस्था ठेवणं बँकेची अट असते. जमीन जाणार असेल, झाडं तुटणार असतील किंवा यादीतून नाव गळलं असेल तर तिथे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं फाईलमध्ये चढत नाही. प्रकल्पाचा करार, पर्यावरण व सामाजिक अहवाल जागतिक बँक स्वतः जाहीर करते, मोबाईलवर बघता येतात. ते इंग्रजीत असतात ही अडचण आहेच, गावातल्या कॉलेजच्या पोरांना बसवून वाचून घ्यावेत.

फसवणुकीचाही धोका आहे. 'जागतिक बँकेकडून तुमचं अनुदान मंजूर, अडीच हजार भरा' असे संदेश येऊ शकतात. जागतिक बँक कुठल्याही शेतकऱ्याला थेट फोन करत नाही, थेट पैसे देत नाही. कर्ज केंद्राला, तिथून राज्याला, आणि अनुदान राज्याच्या संकेतस्थळावर अर्ज केल्यावर खात्यात, एवढाच मार्ग आहे. ओटीपी विचारला की फोन ठेवून द्यावा.

आणि पुढच्या टप्प्यात आपला तालुका यावा असं वाटत असेल तर कागद आतापासून हवा. पावसाच्या नोंदी महसूल मंडळनिहाय मिळतात, भूजल सर्वेक्षणाच्या निरीक्षण विहिरींची पातळी मिळते, पीकविम्याचे दावे आणि टँकरच्या फेऱ्यांची नोंद पंचायत समितीत असते. ग्रामपंचायतीने पाण्याचा ताळेबंद मांडून ग्रामसभेच्या ठरावासह तो तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावा आणि त्याची एक प्रत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याला पाठवावी. पोकराच्या गावांत हेच काम प्रकल्प आल्यावर झालं. इथे ते आधी करून ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.